पाठमोरा बायझाक

ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं. मी थांबतो.

ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्या बाबतीत घडली तो ओराझाली माझा साडू. आणि जिथे ती संपली… म्हणजे संपली असं आपलं म्हणायचं… तो दगड मी हात लावून पाहिलाय. दिवसाढवळ्या. त्या दिवशी तिथे कुणी थेंबभरही प्यायलेलं नव्हतं.

सुरुवात झाली अल्माटीत. मार्चमधला, नौरोझच्या, म्हणजे नववर्षाच्या सणाआधीचा गुरुवार. संध्याकाळची वेळ. रस्त्याकडेचा बर्फ काळा पडला होता आणि ओराझाली एका जुन्या नऊमजली इमारतीची लिफ्ट दुरुस्त करत होता. तोच त्याचा पोटापाण्याचा धंदा.

पण आधी त्याचं वेड सांगायला हवं.

ओराझाली सिनेमाचे फोटो जमवायचा. एकाच सिनेमाचे. झुंगारांच्या, म्हणजे कझाकांच्या जुन्या शत्रूंच्या, स्वारीवरचा जुना लढाईचा सिनेमा, सोव्हिएत काळात इली नदीकाठी, त्याच्याच गावाबाहेर चित्रित झालेला. ते चित्रण चालू असताना काढलेले अस्सल फोटो त्याला हवे असत. नंतर छापलेल्या नकला नव्हेत. स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत त्याच दिवसांत धुतलेले, जाड कागदाचे, मागे जांभळा शिक्का असलेले. कडेला चांदीसारखी झाक आलेली असली की तो खूश. डोळे मिटून, नुसती कड चाचपून तो सांगायचा, हा अस्सल, हा बनावट.

घरात खोक्यांवर खोकी होती. चिलखत घालून चहा पिणारा नायक. एकाच सिगारेटवर आळीपाळीने झुरके मारणारे कझाक आणि झुंगार. मागून टेकू लावलेला लाकडी किल्ला. मनगटावरचं घड्याळ काढायला विसरलेला खान.

जुन्या बाजारातले दुसरे छंदी लोक नायक-नायिकांच्या मागे. ओराझालीला त्यांच्याशी देणंघेणं नव्हतं. तो गर्दीतले स्वार शोधायचा. त्यातही लढाईत पडलेले.

"आला बघा, मेलेल्या पलटणीचा मुकादम!" बाजारातले लोक ओरडायचे.

तो हसायचा नाही.

कारण त्या पडलेल्यांमध्ये त्याचा बाप होता.

बायझाक. सामुदायिक शेतीवरचा घोडे राखणारा. सिनेमावाल्यांना स्वार हवे होते, तो आपला घोडा घेऊन गेला, बाण लागून मेल्याचं सोंग केलं आणि संध्याकाळी घरी येऊन जेवला. त्याच वर्षी शरदात घोडा एकटाच घरी आला. बायझाक सापडला नदीकाठच्या लव्हाळ्यात. खोगिरावरून पडला म्हणाले. जन्म घोड्यावर काढलेला माणूस!

तेव्हा ओराझाली आईच्या पोटात होता. बापाने पोराला पाहिलं नाही. पोराने बापाला पाहिलं नाही.

फोटोतसुद्धा नाही. लग्नात फोटोवाला नव्हता. पासपोर्टवर एक होता, तो मृत्यूची नोंद करताना सरकारजमा झाला.

आमच्याकडे कबरीच्या काळ्या दगडावर माणसाचा चेहरा कोरतात. मुल्ला नाकं मुरडतात, लोक कोरतातच. गावच्या कबरस्तानात सगळे आपापल्या दगडातून बघत असतात. एकट्या बायझाकच्या दगडावर चेहऱ्याची जागा कोरी. ओराझालीची आई, बागिला आपा, ऐंशीच्या पुढची. तिची नजर अधू होत चालली होती.

"मी त्याच्याशेजारी जाऊन निजणार," ती म्हणायची. "शेजारी कोण आहे ते लोकांना दिसू दे. आणि माझे डोळे आहेत तोवर मला दिसू दे. मी गेल्यावर त्याचा चेहरा ओळखणारं कोण राहिलंय?"

कोरणारा म्हणायचा, फोटो आणा. फोटो!

ओराझालीने वर्षानुवर्षं भिंग घेऊन फोटो धुंडाळले. बाप सापडायचा. घोडा ओळखीचा, त्यावरून बाप ओळखायचा. पण कधी तो पालथा पडलेला. कधी तोंडावर ढाल. कधी नेमकं दुसऱ्याच्या घोड्याचं ढुंगण आडवं. एका फोटोत सगळं जुळून आलं होतं, आणि नेमका तिथेच धूर.

"माणसाचं नशीब किती फुटकं असावं!" तो खोकी आपटायचा. मारुआर, म्हणजे त्याची बायको, माझी मेहुणी, निमूटपणे ती पुन्हा रचायची.

एकच आशा होती.

रशियन सिनेमावाल्यांची एक रीत आहे. मेलेल्याचं काम केलं की नंतर कॅमेऱ्याला जीभ काढून दाखवायची. म्हणजे मरणाला कळतं, ते नाटक होतं, हा माणूस जिवंत आहे. त्या लढाईचं चित्रण संपल्यावर सगळ्या 'मेलेल्यांना' एका रांगेत उभं केलं, शिरस्त्राणं काढायला लावली, आणि सगळ्यांनी जिभा काढल्या. सेटवरच्या फोटोवाल्याने तो फोटो काढला. चेहरे दिसतील असा तेवढा एकच.

"तुझ्या बापाने नाही काढली जीभ," आपा सांगायची. "घरी येऊन म्हणाला, मी आता बाप होणार, पोरासोरांसारखी जीभ काय काढू? ती ऐट नडली. बाकीचे सगळे म्हातारे होऊन मेले."

"आपा, खुळचटपणा आहे हा."

"मग आण तो फोटो, आणि दाखव मला काढलेली जीभ."

तो फोटो कुणापाशीच नव्हता. स्टुडिओने जुन्या फिल्म्स त्यांतली चांदी काढायला देऊन टाकल्या होत्या. फोटोवाला वादिम केव्हाच वारला होता. त्याची बायको कुठे राहते, कुणाला ठाऊक नव्हतं.

आणि त्या गुरुवारी…

लिफ्ट सुरू झाली. ओराझाली चाचणीसाठी वरपर्यंत गेला. दार उघडलं तर समोर एक रशियन म्हातारी, हातात पावाची पिशवी.

"झाली का एकदाची? सगळा हिवाळा जिना चढतेय मी. ये, चहा घे. नाही म्हणू नकोस, हात धू आधी."

ही क्लावदिया येगोरोव्ना. ओराझाली आत गेला. भिंतीवर चिलखत घातलेला नायक चहा पीत होता.

ओराझालीचे पाय जागच्या जागी खिळले.

"हा… हा फोटो कुणी काढला?"

"माझ्या नवऱ्याने. वादिमने. का रे?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्या इमारतीची लिफ्ट तो कित्येक वर्षं दुरुस्त करत होता. त्याला हसावं की डोकं आपटावं कळेना.

म्हातारीने कपाटातून एक जाड पाकीट काढलं.

"घेऊन जा. माझ्यामागे पोरं हे कचऱ्यातच टाकणार. जिभांचा फोटो यातच आहे. त्यातला एकजण जीभ काढायला तयारच नव्हता, ताठ उभा. वादिम मरेपर्यंत त्याच्यावर चिडलेला होता."

ओराझालीने तिच्यासमोर पाकीट उघडलं नाही. बाईमाणसासमोर रडायचं कसं? लिफ्टमध्ये शिरला, दार लागलं, आणि मग पाकीट उघडलं.

तोच फोटो. कागद अस्सल. रांगेत उभे सगळे, केस विस्कटलेले, जिभा लोंबत्या. हसणारे तरुण.

मधोमध एकजण…

पाठमोरा.

कमरेला बाणांचा भाता, खांद्यावर चामड्याचा पट्टा, मानेवर घामाने चिकटलेले केस. पण चेहरा नाही. फोटोवाल्याकडे पाठ करून उभा.

"अरे, जीभ नव्हती काढायची तर नुसतं उभं राहायचं होतं!" ओराझाली त्या बंद डब्यात ओरडला. "पाठ कशाला केलीस? एवढी वर्षं मी काय पाठ शोधत होतो?"

तेवढ्यात…

लिफ्टचा डबा किंचित खाली बसला.

लिफ्टवाल्याला हे सांगावं लागत नाही. दुसरं माणूस आत चढलं की डबा असाच बसतो. पण दार बंद होतं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये होती.

मागे सुकलं गवत चुरचुरलं…

आणि वास आला. रानदवण्याचा. गवताळ माळावर ऊन तापल्यावर येतो तसा. बाहेर बर्फ, आणि आत दवणा!

तो गर्रकन वळला. लोखंडी भिंत.

चुरचुर पुन्हा आली. पुन्हा मागूनच.

घरी पोचला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आपा चुलीशी बसून शेल्पेक तळत होती. दर गुरुवारी ती या पातळ पोळ्या तळते. तळणीचा वास गेलेल्यांपर्यंत पोचतो.

त्याने पाकीट टेबलावर फेकलं.

"घ्या! सापडला. तुझंच खरं आपा. जीभ नाही काढली. उलट पाठ करून उभा राहिलाय तुझा नवरा."

मारुआरने फोटो उचलला. बघत राहिली.

"अहो… डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? कोण पाठ करून उभंय?"

"मधला."

"मधला तर सरळ बघतोय. ओठ घट्ट मिटलेत. अगदी तुम्ही रुसून बसता ना, तस्साच."

"मारुआर, थट्टेची वेळ आहे का ही?"

"थट्टा कसली! भिवईवर खूण आहे बघा. जुन्या जखमेची."

चुलीशी आपाच्या हातातला झारा खाली पडला.

भिवईवरची ती खूण मारुआरला कुणी सांगितलेलीच नव्हती. शिंगराची लाथ लागली होती बायझाकला, लहानपणी. ते फक्त आपाला ठाऊक.

आपाने पीठ लागलेले हात पुसले. भिंग घेतलं. फोटो दिव्याखाली धरला. मग तिने त्या कागदावरून हळूच बोट फिरवलं, गालावरून फिरवावं तसं.

"आलास होय," ती म्हणाली. "किती उशीर."

ओराझालीने तिच्या हातातून भिंग जवळजवळ हिसकावलं.

भाता. पट्टा. मान.

पाठ.

त्याने फोटो खिडकीशी नेला, उलटा धरला. मोबाइलने त्याचा फोटो काढला. शेजाऱ्याला हाक मारून आणलं. तो म्हणाला, "वा, वडील का? डोळे तुझेच रे!" ओराझालीने त्याच मोबाइलमध्ये बघितलं.

पाठ.

"सगळ्या जगाला दिसतो!" तो मुठी आवळून ओरडला. "रस्त्यावरच्या माणसाला दिसतो! शोधला कुणी? मी! मलाच का नाही?"

मारुआरने खाली पडलेला झारा उचलला.

"आपा," थोड्या वेळाने त्याने बारीक आवाजात विचारलं, "कसा बघतोय तो? रागात आहे का?"

आपाने पुन्हा भिंग डोळ्याशी नेलं.

"राग नाही रे. काहीतरी हरवलंय त्याचं. शिंगरू चुकलं की माळावर असाच उभा राहून बघायचा."

तेव्हा त्याच्या पाठीमागे… अगदी कानाशी… कुणीतरी श्वास सोडला.

तो वळला. भिंत. चूल. तळलेल्या पोळ्या.

त्या दिवसापासून त्याची मान दुखायला लागली, एवढं वळून वळून बघायचा. लिफ्टच्या खोलीत, बसमध्ये, दाढी करताना. आवाज नेहमी मागून. कधी गवत, कधी घोड्याने लगाम चावल्याचा आवाज. दोन आरसे समोरासमोर लावून मध्ये बसला एकदा. आरशात फक्त ओराझाली, एकामागे एक, कंटाळलेले. मला येऊन म्हणाला, "साडू, भीती गेली रे माझी. आता नुसता संताप येतो. यायचं तर समोर ये म्हणावं!"

फोटो कोरणाऱ्याकडे गेला. आपाकडे फार दिवस उरले नव्हते. कोरणाऱ्याचा निरोप आला तो असा, "असा चेहरा कधी जमला नव्हता मला. हात आपोआप चालला."

दगड बसवला तो वसंतात. आम्ही दोन गाड्या करून गेलो. इलीकडचा माळ नुकता हिरवा झालेला, दूरवर घोडे चरत होते. आपाला स्टुलावर बसवलं. मुल्लाने कुराण वाचलं. मग दगडावरचं कापड काढलं.

मी पाहिला. शपथेवर सांगतो, पाहिला. रुंद कपाळ, भिवईवर खूण, मिटलेले ओठ. साक्षात ओराझाली, फक्त तिशीतला. बायका हुंदके देऊ लागल्या. आपा शांत होती. तिला जे बघायचं होतं ते तिने फोटोतच बघून घेतलं होतं.

ओराझाली दगडासमोर उभा होता.

"काय दिसतं?" मी हळूच विचारलं.

"भाता," तो म्हणाला. "भाता दिसतो, साडू. बापाच्या कबरीवर मी भाता कोरून घेतला."

आणि मग त्याचा तोल सुटला. कबरस्तानात मोठ्याने बोलू नये, त्याला काय ठाऊक नव्हतं? पण ओरडला. "मी इथे आहे! इकडे! एकदा बघ ना माझ्याकडे! तोंड कुठे आहे तुझं?" आणि तरातरा चालत तो दगडाच्या मागे गेला. लहान मूल आरशामागे कोण आहे ते बघायला जातं, तसा.

मागे काय असणार? दगडाची मागची बाजू कुणी घासत नाही. खडबडीत, छिन्नीचे घाव असलेली.

त्याने त्यावर दोन्ही तळवे टेकले.

पुढच्या बाजूला… आपा एकदम स्टुलावरून उठली. गेली कित्येक वर्षं ती आधाराशिवाय उठली नव्हती.

"वळला," ती म्हणाली.

मी दगडाकडे बघितलं.

चेहरा नव्हता.

भाता होता. खांद्यावर चामड्याचा पट्टा. मानेवर चिकटलेले केस. काळ्या दगडात, स्वच्छ, उन्हात. बायझाक आमच्याकडे पाठ करून उभा होता, आणि दगडाच्या आत, दगडापलीकडे उभ्या असलेल्या आपल्या पोराकडे बघत होता.

"ओराझाली!" आपा ओरडली. "हलू नकोस! तुझ्याकडेच बघतोय रे तो! बघ, समोर बघ!"

"कुठे?" तो मागून ओरडला. आवाज फाटला होता. "कुठे आपा? इथे नुसता दगड आहे! दगड आहे इथे!"

त्याने तो दगड मुठींनी बडवला. हाताची सालटं निघाली. मी जाऊन त्याला धरलं, ओढत पुढे आणलं. तो पुढे आला आणि दगडावर पुन्हा चेहरा. मिटलेले ओठ. माळाकडे लागलेले डोळे.

याचा अर्थ मला विचारू नका. मुल्लाला विचारला, तर तो चप्पल घालून चालू लागला. कोरणाऱ्याला विचारला, तर तो म्हणाला, मी एकाच बाजूने कोरलंय. मला तर कधीकधी वाटतं, कोरणारा तसं म्हणाला नसता तर बरं झालं असतं; पाठही त्यानेच कोरली अशी समजूत तरी घालता आली असती.

आपा त्याच वर्षी हिवाळ्यात गेली. तिला शेजारीच निजवलं. आता वर्षातून दोनदा सगळे नातेवाईक जमतात, पोळ्या वाटतात, दुवा मागतात. लांबून पाहुणे येतात. त्यांना बायझाकचा चेहरा दिसावा म्हणून आम्ही ओराझालीला दगडाच्या पुढच्या बाजूला उभं करतो. मागे फिरकू देत नाही.

तोही आता भांडत नाही. लोक दगडाजवळ जाऊन म्हणतात, काय सुंदर उतरलाय माणूस. तो मान हलवतो, टोपी हातात घेतो, आणि बापाच्या पाठीकडे बघत उभा राहतो. मी त्याच्या शेजारी असतो. आणि दरवेळी, आम्हा दोघांच्या मागे, सुकलं गवत चुरचुरतं… मी वळून बघत नाही.